गोग्गोच्या नावानं अंबाडी

गिदान बावा
मागारियाच्या बाजाराचा आदला दिवस, ऑगस्ट १९९३

शैबू,

घे, लिहिलं तुझं नाव. आभाळ काही कोसळलं नाही. तुझ्या जन्मापासून ते माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. पहिल्या लेकराचं नाव आईनं घ्यायचं नाही, चारचौघांत त्याला उचलायचं नाही, ते रडलं तर मान दुसरीकडे वळवायची. आपल्याकडे याला लाज म्हणतात, आणि मी पडले मालमची, कुराण शिकवणाऱ्याची मुलगी, म्हणजे लाजेत इतर बायकांच्या चार पावलं पुढेच. दूध तोडलं आणि तुला गल्लीपलीकडे तुझ्या बाबांच्या थोरल्या बहिणीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिला तू गोग्गो म्हणालास. मला काहीच म्हणाला नाहीस, अजूनही म्हणत नाहीस. दर वर्षी अंबाडीची बोंडं खुडायच्या दिवसांत कानो शहरातून येतोस, उतरतोस गोग्गोकडे. मग आमच्या अंगणात येऊन उकिडवा बसतोस आणि जमिनीकडे बघत विचारतोस, "घरात सगळं बरं आहे ना?" मी भिंतीकडे तोंड करून म्हणते, "बरं आहे." झालं आपलं वर्षाचं बोलणं.

तेव्हा हे पत्र बघून दचकशील. अक्षर ओळखीचंच आहे. आजवर गोग्गोची सगळी पत्रं मीच लिहिली. वडिलांनी अरबी अक्षरांत हौसा लिहायला शिकवलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ती बोलायची, मी लिहायची. आज मी माझं लिहिते आहे, कारण ती सांगते ते लिहायला माझा हात उठत नाही. ती म्हणते, "लिही, मी ठणठणीत आहे." ती ठणठणीत नाही.

पेरण्या झाल्यापासून तिला ताप येतो-जातो. आता धाप लागते. मागारियाच्या दवाखान्यातला माणूस सुई टोचून गेला, त्यानं फरक पडला नाही. काल म्हणाली, "देलू, काहीतरी आंबट दे गं, तोंडाचं लाकूड झालंय." बाजरीच्या कडेनं मी अंबाडी पेरली आहे, ती गुडघ्याला आली आहे. कोवळी पानं खुडली, उकडून पिळली, शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. चार घास खाल्ले आणि लगेच जीभ सुटली.

"आमची आई असती तर तुझी भाजी खाऊन जळून मेली असती."

"वन्सं, बोलू नका, धाप लागतेय."

"मग काय मुकाट्यानं मरू? तुझी इच्छा दिसतेय."

मी विचारलं, "त्याला बोलावू का?" नाव घेतलं नाही, तरी ती अंथरुणात उठून बसली. "खबरदार! कानोच्या तबेल्यातला मालकांचा तो तांबडा घोडा दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही म्हणून पोराला तिथे किंमत आहे. आज हा इकडे आला की उद्या दुसरा कुणी घोड्याला गूळ चारून त्याची जागा घेईल. मी काय, पावसाळा सरला की उठेन."

शैबू, तिचं ऐकू नकोस. ये. दान लादीचा ट्रक बाजार उठल्यावर कानोला निघतो, त्याच ट्रकनं परत ये.

देलू

*

सप्टेंबर

हे पत्र ट्रकमध्ये बसणार नाही. माझ्या पत्र्याच्या पेटीत जाईल.

मागचं पत्र तुला मिळालंच नाही. ओढ्याला पूर आला आणि दान लादीचा ट्रक अलीकडच्या काठाला अडकून पडला. शेवटी तो माल घेऊन परत फिरला, आणि चिखलात माखलेलं पत्र त्यानं तुझ्या धाकट्या भावाच्या, अशीरूच्या, हातात परत दिलं. अशीरू ते घेऊन घरी आला तेव्हा तुझे बाबा आणि बाकीची माणसं कबरस्तानातून येऊन दारात हातपाय धूत होती.

गोग्गो गेली, शैबू. पहाटे गेली, दुपारच्या नमाजाआधी मातीत ठेवली. न्हाऊ मी घातलं. तिची बोटं तुला आठवतात ना, अंबाडीचा वाख वळून वळून वाकडी झालेली? ती सरळ करायला गेले तर होईनात. तुझ्या घोड्याचं दावं तिनं वळलेलं शेवटचं. मी ती बोटं तशीच कापडात गुंडाळली.

संध्याकाळी तुझे बाबा म्हणाले, "कानोला कळव."

मी म्हटलं, "कळवते."

या घरात लिहिणारी मी एकटी, त्यामुळे माझ्या "कळवते"वर सगळे निश्चिंत झोपले. मी दिवा घेऊन बसले. "शैबू, गोग्गो" एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द लिहिला नाही.

का, ते या पेटीला सांगते, तुला सांगायची माझी हिंमत नाही. तू या गावात येतोस तो गोग्गोसाठी. उतरतोस तिच्याकडे, जेवतोस तिच्याकडे, आमच्या अंगणात येतोस तेसुद्धा तिनं दामटून पाठवलं म्हणून. आता ते दार बंद झालं. तू एकदा येशील, कबरीशी बसशील, जाशील. नंतर कुणासाठी येशील? माझ्यासाठी? मी तुझी कोण? भिंतीकडे तोंड करून बसणारी एक बाई.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला ठाऊक नाही, गावाला नाही, तुझ्या बाबांनाही नाही. गोग्गोला रश्शात चवीला घालायचा दद्दावा करता येत नव्हता. अंबाडीचं बी रात्रभर शिजवावं लागतं, राखेचं पाणी घालून पानांत दडपून आंबवावं लागतं, मग कुटून गोळे वाळवायचे. तिला एवढा धीर कुठला! तिनं एकदा केला होता, तर तो शेळीनंसुद्धा हुंगून सोडला. तू लहान होतास, जेवताना रडायचास, रश्शाला चव नाही म्हणायचास. तेव्हा मी आमच्या परसात गोळे केले आणि तुझी बहीण बाल्की लहान, तिचा कुणाला संशय येणार नाही म्हणून तिच्या टोपलीत घालून तिकडे पाठवले. तेव्हापासून तू खाल्लेला प्रत्येक गोळा माझ्या हातचा. कानोला गेलेलाही. गोग्गो नुसती आपल्या ओढणीच्या तुकड्यात बांधायची आणि मला चिडवायची, "बघ देलू, तुझा दद्दावा खातो आणि माझे पाय चेपतो!" मी हसायचे. रागही यायचा, खोटं कशाला बोलू? पण आईनं पहिल्या लेकराला उघड खाऊ द्यायचा नसतो, आणि तिच्या नावानं का होईना, तो तुझ्या पोटात जायचा.

तिच्या मरणाचं कळवलं की तेही बंद.

सध्या सगळे पुरुष शेतात आहेत. बाजरी कापून झाल्याशिवाय गावातलं कुणी कानोला जाणार नाही. दान लादी मागारियाचा, त्याला आपल्या घरचं काही माहीत नाही. तोवर वेळ आहे. कशासाठी वेळ आहे, ते माझं मलाच कळत नाही.

*

सप्टेंबरअखेर, बाजाराचा दिवस

माझ्या वांड पोरा,

गोग्गो बोलते आहे, देलू लिहिते आहे. मी बरी आहे. डोळ्यांना मात्र कमी दिसतं, परवा कोंबडी समजून तुझ्या बाबांच्या टोपीला हुसकलं. पाऊस चांगला झाला. अंबाडी माणसाच्या कमरेला लागली, तांबड्या देठाची जास्त आहे, बोंडं भरपूर येतील. सोबत दद्दाव्याचे गोळे पाठवते. सगळे एकदम खाऊ नकोस, नाहीतर घोडा तुझ्या वासानं लाथ मारेल.

एवढ्यात येऊ नकोस, रस्ता खराब आहे. बोंडं लाल झाली की सांगते.

तुझी गोग्गो

*

ऑक्टोबर

हेही पेटीतच.

तुझं उत्तर आलं. दान लादीनं स्वतः आणून दिलं, कारण त्याला पाणी हवं होतं. तो दारात उभा होता तेवढा वेळ माझा जीव मुठीत होता. शेजारच्या बायका येऊन त्याच्यापुढे गोग्गोचं नाव काढतील म्हणून मी त्याला नीट पाणीही पिऊ दिलं नाही.

तू लिहिलंस, "गोग्गो, तुझा हात काही म्हातारा झाला नाही. तीच चव. गोळा फोडला आणि कानोतल्या तबेल्यात बसून घरी आल्यासारखं वाटलं." पुढे लिहिलंस की घोड्याचा रंग आता अगदी सुकलेल्या बोंडांसारखा गडद तांबडा झालाय, मालक सगळ्या पाहुण्यांना दाखवतात, आणि तू त्याला सगळ्यांसमोर मालकांनी ठेवलेल्या नावानं आणि एकटा असलास की अंबाडी म्हणून हाक मारतोस.

ते पत्र मी कितीदा वाचलं हे सांगत नाही. "तुझा हात म्हातारा झाला नाही." कुणाचा हात, शैबू? मातीत गेला तो, की हा? मेलेल्या बाईचा मला हेवा वाटला. असं माणसाला वाटू नये. मला वाटलं.

काल गोग्गोचा चाळिसावा दिवस झाला. मालम येऊन कुराण वाचून गेले. बाजरीचे लाडू वाटले, पाहुण्यांना आलं-लवंग घालून बोंडांचं सरबत दिलं. मी घागर भरून तांबडं पाणी वाढत होते आणि सगळ्यांच्या तोंडी तू होतास. माझी मामेबहीण जुम्मई, तिला माझी चेष्टा करायचा हक्कच आहे, आमच्यात रागवायची सोय नाही. ती भर अंगणात ओरडली, "काय गं देलू, तुझा कानोचा नबाब कुठाय? घोड्याची शेपटी विंचरण्यात गुंतलाय वाटतं? बरं झालं, चाळिसाव्याला नाही आला. घोड्याच्या चाळिसाव्याला नक्की येईल!" बायका हसल्या. मीही हसले, हसावंच लागतं.

पण पुरुषांकडे कुणी हसत नव्हतं. तुझे बाबा म्हणाले, "ज्याला तिनं पाठीला बांधून वाढवलं तो तिच्या मातीला नाही आला, चाळिसाव्याला नाही आला. बायको दोनदा पत्र लिहून थकली." मी त्यांना दोनदा लिहिलं म्हणून सांगितलं होतं. "या घरात यापुढे त्याचं नाव नको." आणि अशीरू, जो लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायचा, तो म्हणाला, "कानोचं पाणी लागलं त्याला."

आज सकाळी तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडून, बाबा सालेंकडून, माणूस आला. तुझ्या लग्नाच्या बोलणीत मानाच्या सुपारीसारखा दिलेला कोला हिरव्या पानात बांधून परत पाठवला होता. निरोप एवढाच, "जो वाढवणारीला विसरला, तो आमच्या मुलीला काय लक्षात ठेवणार?" तुझ्या बाबांनी तो कोला घेतला. नको म्हणायला त्यांच्याकडे तोंड कुठे होतं?

मी स्वयंपाकघरात उभी राहून हे सगळं ऐकलं. मला तू हवा होतास, म्हणून मी गप्प राहिले. आणि त्या गप्प राहण्यानं तुझं नाव गेलं, घर गेलं, आता बायको जाईल. मी तुला धरून ठेवायला निघाले होते. माझ्यासारखी शहाणी मीच.

उद्या लिहिते. उद्या नक्की.

*

ऑक्टोबर, बाजाराचा आदला दिवस

शैबू,

हे पत्र मिळताच खाली बस.

गोग्गो गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली. तुला कुणी कळवलं नाही याचं कारण, कळवणारी मी होते. सप्टेंबरअखेर आलेलं गोग्गोचं पत्र गोग्गोचं नव्हतं. तू येणार नाहीस या भीतीनं मी हे केलं. गावात सगळ्यांना वाटतं की तुला कळवलं आणि तू आला नाहीस. बाबा सालेंनी कोला परत केला आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. आधी ये, माझ्यावर ओरड. रीत मोडली तर मोडली, मी ऐकून घेईन.

देलू

*

त्याच संध्याकाळी

पत्र पाठवायला अशीरूला हाक मारणार, तेवढ्यात बाल्की धावत आली. "दान लादीचा निरोप आलाय. कानोचा पाहुणा उद्याच्या ट्रकनं इकडेच येतोय. गोग्गोसाठी चष्मा घेतलाय म्हणे. तिला न सांगता येणार, तिची गंमत करायची म्हणून." बाल्कीनं माझ्या हातातलं पत्र पाहिलं. "पण... गोग्गो तर... त्याला माहीत नाही का?"

मी ते पत्र पेटीत टाकलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं असेल.

*

नोव्हेंबर

शैबू,

हे पत्र आणि मागची सगळी एकत्र बांधून पाठवते आहे. पेटीतलीही. त्यातलं पहिलं चिखलानं माखलेलं आहे, तरी वाचता येतं. क्रमानं वाच. पुढे जे घडलं ते तुला ठाऊक आहे, पण भिंतीच्या अलीकडून ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

तू ट्रकमधून उतरून थेट गोग्गोच्या घरी गेलास. दाराला चटई बांधलेली. तू ती सोडवलीस आणि आत अशीरूच्या शेळ्या पाहिल्यास. बाहेर जुम्मई उभी होती. चेष्टा करायची म्हणून तिनं तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा तिला काही सुचलं नाही. तिनंच नंतर मला सांगितलं, "देलू, पोरानं नुसतं विचारलं, कधी? मी म्हटलं, बाजरी कापायच्या आधी. तो चष्म्याची डबी उघडायचा आणि मिटायचा, उघडायचा आणि मिटायचा."

मग तू आमच्या दारात आलास. कडुनिंबाखाली तुझे बाबा होते, अशीरू होता, बाबा साले होते, शुक्रवारच्या नमाजाहून आलेले म्हातारे होते. मी कुडाच्या मागे होते. तुला सलामाचं उत्तर कुणी धड दिलं नाही.

"आत्ता आलास?" बाबा साले म्हणाले. "कबरीवर गवत उगवलं, बाबा."

"दोनदा लिहिलं तुला," तुझे बाबा म्हणाले. "दोनदा! एखादा परका आला असता."

तू मान वर केलीस आणि कुडाकडे बघितलंस. फटीतून मला तुझे डोळे सरळ दिसले. त्या एका क्षणात तुला सगळं कळलं, हे मलाही कळलं. तुझ्या झब्ब्याच्या खिशात ते पत्र होतं, गोग्गोची सही असलेलं, तिला माती दिल्यानंतरचं. तुझा हात खिशावर गेला. मला वाटलं, आता काढतो. काढ, असंच मी मनात म्हणत होते. काढ आणि मोकळा हो.

तू हात खाली घेतलास आणि म्हणालास, "चुकलो. घोडा सोडून येता आलं नाही."

तुझे बाबा बाजूला थुंकले. कुणीतरी म्हणालं, "घोडा!" आणि तू उन्हात तसाच उभा राहिलास, मान खाली घालून, जशी माझ्या अंगणात घालतोस तशी.

मी तुला काय दिलं होतं रे? मांडी नाही, नाव नाही, हाक नाही. मी तुझ्या गोग्गोचं मरण तुझ्यापासून चोरलं. आणि तू माझी अब्रू वाचवायला स्वतःची सगळ्यांसमोर मातीत टाकलीस. मला ते सहन झालं नाही. इतर काहीही सहन केलं असतं.

मी बाहेर आले. डोक्यावरची ओढणी धड होती की नाही, आठवत नाही. पुरुषांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

तुझे बाबा म्हणाले, "देलू, आत जा."

"जाते. आधी ऐका. शैबूला काही माहीत नव्हतं. मी दोनदा लिहिलं असं सांगितलं ते खोटं. एकदासुद्धा कळवलं नाही. शैबूचा दोष नाही."

आता गंमत ऐक. मी नवऱ्याला फसवलं, गावाला फसवलं, मेलेल्या बाईच्या नावानं पत्र लिहिलं, याचं तिथे कुणाला काही वाटलं नाही. मी पहिल्या लेकराचं नाव घेतलं, तेही पुरुषांत उभं राहून, तेही दोनदा, यानं मात्र गाव हादरलं. कुडामागे बायकांनी ओढण्या तोंडात कोंबल्या. एक म्हातारे "अल्लाह, अल्लाह" करत उठूनच गेले. जुम्मई अजून मला येता-जाता ऐकवते, "शैबूची आई, पाणी देतेस का गं?" तिला वाटतं मी लाजेन. मला ते ऐकायला आवडतं, पण तिला सांगणार नाही.

तुझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवणाचं ताट बाल्कीच्या हातून घेतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांची बहीण होती, आणि तिच्या भाच्याला मी तिच्या मातीपासून लांब ठेवलं. बाबा सालेंकडून परवा होकाराचा नवा कोला आला. निरोप आहे, "मुलगी मुलाला द्यायची आहे, सासूला नाही. सासूचं आम्ही नंतर बघू." तुझ्या बाबांनी तोही घेतला. घेताना त्यांना थोडं हसू आलं असं बाल्की म्हणते, मी पाहिलं नाही.

त्या रात्री तू गोग्गोच्या घरात शेळ्यांमध्ये झोपलास. मी भिंतीला कान लावून होते. काय ऐकलं ते लिहीत नाही, ते तुझं आहे.

सकाळी जायच्या आधी तू आमच्या अंगणात आलास. उकिडवा बसलास. जमिनीकडे बघत विचारलंस, "घरात सगळं बरं आहे ना?"

मी म्हटलं, "नाही."

तू नेहमी एवढ्यावर उठतोस. त्या दिवशी उठला नाहीस. तसाच बसून राहिलास, मी भिंतीकडे बघत राहिले. मग बाहेर ट्रकचा भोंगा वाजला आणि तू गेलास. पुन्हा येईन म्हणाला नाहीस. मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. चष्मा कबरीवर ठेवून गेलास, तो मी उचलून आणला, मुलांनी पळवला असता.

बाल्की तुला पोचवायला ट्रकपर्यंत आली होती. परत आली ती तोंड दाबून हसत आणि डोळे पुसत, दोन्ही एकदम. म्हणाली, "त्यानं निरोप दिलाय. तुझ्यासाठी."

"काय?"

"म्हणाला, गोग्गो गेल्यावरही गोळ्याची चव तीच राहिली, म्हणजे कुणाच्या हातची होती ते मला कळलं. तिला सांग, राख जरा जास्त पडते. लहानपणापासून जास्त पडते. गोग्गोला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही."

मला आधी रागच आला, शैबू. इतकी वर्षं! इतकी वर्षं गप्प बसून खाल्लास, आणि मी इथे फुशारकीत की माझ्यासारखा दद्दावा पंचक्रोशीत कुणाला जमत नाही! जुम्मईला चाखवला तर ती मेली म्हणते, "हो गं, कडवट असतोच, आम्ही तुला कशाला सांगू?" मी तिच्याशी भांडले. मग परसात जाऊन बसले आणि खूप रडले, कारण माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवणारं माझं पहिलं लेकरू तू आहेस, आणि ते तू मला सांगितलंस, दुसऱ्या कुणाला नाही.

बोंडं खुडून झाली आहेत. नवं बी शिजायला घातलं आहे. या खेपेला राख निम्मी घालते. खाऊन कळव, आणि खरं कळव.

तुझी आई